बाबा म्हणाले, ‘मी’

रविवार, संध्याकाळ

अकोल्याला मावशीकडे जाऊन मी आणि बाबा अमरावतीला परत येत होतो. हायवेवर मी पहिल्यांदाच गाडी चालवत होते. मूर्तिजापूरच्या पुढे बोनेटमधून वाफ यायला लागली. कशीबशी गाडी कडेला घेतली, बाबांना रेलिंगच्या पलीकडे उभं केलं आणि हायवेच्या हेल्पलाइनला फोन लावला. ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते.

क्रेनवाल्यानं आल्या आल्या विचारलं, "गाडी कोन चालवत होतं?"

"मी," बाबा म्हणाले.

मी पाहतच राहिले. बाबांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही!

"मंग काका, न्यूट्रल करून द्या."

बाबा सीटवर बसले आणि त्यांनी वायपर सुरू केले. शेवटी मीच हात घालून गिअर काढला. क्रेनवाला दुसरीकडे पाहत राहिला. भला माणूस.

क्रेनमध्ये बसल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, खोटं काहून बोलले?"

"लोकं पोरीलेच नावं ठेवतात. मले ठेवू दे."

तेव्हापासून तो ‘मी’ डोक्यातून जात नाही. माया होती, की पोरगी चालवते हे सांगायची लाज? राग आला होता. अजून थोडा आहे.

आता ते स्वयंपाकघरात आईला सांगताहेत, "पाइप फुटला, तिचा काय दोष? एवढ्या ट्रकांतून कशी शांतपणे बाजूले घेतली तिनं! मी तं घाबरून गेलो होतो."

मला यातलं एका शब्दानं म्हणाले नाहीत. मी उठून खोलीचं दार लावणार होते, लावलं नाही. ऐकत बसले.