डिंकानं चिकटवलेली नांगी

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझा राग अजून तुमच्यावरच आहे. गेलेल्या माणसावर डूख धरू नये म्हणतात. मी धरला आहे, आणि चांगला पोसला आहे.

आठवीत होते मी. माझा मामा ट्रकवर होता, कापसाच्या गाठी बंदरावर पोचवायचा. एका खेपेला त्याने खाडीच्या चिखलातला मेलेला खेकडा उचलून आणला. वाळवून, काडेपेटीत, कापसाच्या थरावर ठेवून. बोटाच्या पेराएवढं अंग, आणि एक नांगी त्या अंगाहून मोठी. दुसरी जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. मामा म्हणाला, "तुह्या सायन्सच्या सरले दाखव. असं त्याइनं बी पाह्यलं नसन." तेच तर झालं, सर. तुम्ही पाहिलं नव्हतं.

दारव्ह्याच्या आपल्या शाळेत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नावं निघत होती. माझं ठरल्यात जमा होतं. आठ दिवस बसून मी त्या खेकड्याचं चित्र काढलं होतं, केसासारखे पाय मोजून मोजून. तुम्ही काडेपेटी हातात घेता, चष्मा कपाळावर चढवता. आपल्याकडचे खेकडे नाल्यातले, दोन्ही नांग्या बऱ्यापैकी सारख्या असलेले. त्यापलीकडचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तसं वर्गासमोर कबूल करणं तुमच्या स्वभावात नव्हतं. "डिंकानं चिकटवून आणलं काय वं?" तुम्ही विचारता आणि मोठी नांगी चिमटीत धरून ओढता. वाळलेलीच ती. तुटते. "पाह्य, निंघाली. मले शिकवतं काय?" सगळा वर्ग हसतो.

मग तुम्ही फळ्यावर दोन सारख्या, लहान नांग्यांचा खेकडा काढलात, मला तो वहीत दहा वेळा उतरवायला लावलात, आणि माझ्या जागी तुमच्या पुतणीचा बोंडअळीचा तक्ता पाठवलात. त्या वर्षी गावोगाव अळीचंच पडलं होतं, त्यामुळे कुणी काही म्हटलं नाही. मामाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "म्हंजे मीच खोटं आणलं नं?" त्यानंतर त्याने मला बंदरावरून कधी काही आणलं नाही. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

आज मी याच फिडलर खेकड्यांवर काम करते. ओहोटीला खाजणात चिखलात बसते. समोर नर ती मोठी नांगी हलवून मादीला बोलावत असतात. जिवंतपणी तुटली तर त्यांना नवी नांगी फुटते. माझ्या प्रत्येक भाषणाची सुरुवात तुमच्यापासून होते. वहीचं ते पान जपून ठेवलंय. ते पडद्यावर दाखवते, डिंकाची गोष्ट सांगते, नाव तेवढं घेत नाही. लोक पोट धरून हसतात आणि मला फार बरं वाटतं. येत्या शनिवारी आपल्याच शाळेनं बोलावलंय. हॉलमध्ये तुमचा फोटो आहे म्हणे, आणि पुतणी तिथेच मुख्याध्यापिका. तिथे मी नावही घेणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. या खेकड्यांच्या मादीच्या दोन्ही नांग्या लहान असतात, आणि अगदी सारख्या. तुमच्या फळ्यावरचा खेकडा, तुमच्या नकळत, बरोबर होता. मला हे कामाच्या पहिल्याच वर्षी कळलं. भाषणात मादीचा फोटो मी आजवर एकदाही दाखवलेला नाही, आणि शनिवारीही दाखवणार नाही.