चार कोपऱ्यांच्या कमानी

१२ जाने.
गाभाऱ्याचा मोडका घुमट उतरवला. चार भिंती, वर आभाळ. नाना, म्हणजे माझे चुलतसासरे, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. "सूनबाई, स्लॅब टाका, वर फायबरचा घुमट ठेवू. कोणाला कळतंय?" मला कळतंय ना! मग सिव्हिलच्या डिप्लोम्याचं काय लोणचं घालू? विटा-चुन्यातच करणार. पाडव्याला कळस चढवायचा, तोवर मुदत मागून घेतली.

१६ जाने.
सिन्नरहून हुसेनचाचा मिस्त्री आले. सत्तरी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. द्राक्षाच्या उघड्या चौकोनी खोक्यावर परात पालथी घातली. "बघ ताई, कोपऱ्यात परातीखाली काय हाय? वारा!" म्हणून चारही कोपऱ्यांत तिरप्या कमानी. चौकोनाचा अष्टकोन होतो, मग गोल घुमट सगळीकडून टेकतो. नानांना खोक्यासकट दाखवलं. "हं" म्हणाले.

३ फेब्रु.
चारही कमानी झाल्या. खाली लाकडी टेकू. सारखी वर बघतेय, मान दुखली.

१० फेब्रु.
चाचा लग्नाला देवळालीला. मी ईशान्य कोपऱ्याचे टेकू काढायला लावले. सात दिवस मोजून झाले होते. तासाभरात तीन विटा सुटल्या, मागोमाग अख्खी कमान. खाली कोणी नव्हतं, देवाची कृपा. सिमेंटचे दिवस चुन्याला लावले! शहाणी मी! नानांनी तिथूनच स्लॅबवाल्याला फोन लावला. तेच जास्त लागलं.

११ फेब्रु.
चाचांनी पडलेल्या विटेवरचा चुना नखानं खरवडला. "कच्चा हाय. चुना दमानं घेतो ताई, त्याला घाई चालत नाय." तिकडे स्लॅबवाला माप घेऊन गेला. कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं : चूक माझी, कमानीची नाही. बाकीच्या तीन टेकूंवर आहेत, चुना धरेपर्यंत वेळ द्या.
नाना : "पुन्हा पडली तर स्लॅब. मग एक शब्द ऐकणार नाही."
कबूल.

९ मार्च
कमान पुन्हा बांधली. वर घुमटाचे थर चढतायत. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारते. टेकूंना कोणी हात लावायचा नाही. स्वतःलाही बजावलंय.

२ एप्रि.
घुमट पुरा झाला, पाडवा तोंडावर. आज टेकू काढायचे. चाचांच्यात रीत आहे, बांधणाऱ्यानं खाली बसायचं. चाचा ईशान्य कोपऱ्यात बसायला निघाले. म्हटलं, थांबा, ती जागा माझी.
बसलेय. वही मांडीवर. तीन कोपरे मोकळे झाले, ठीक आहेत. भीती वाटतेय, का खोटं लिहू?
नाना आत आले. मला वाटलं, बाहेर काढतायत. पंच्यानं जमीन झाडली आणि शेजारी येऊन बसले.
"काढा रे," म्हणाले.
चाचांनी हातोडा उचलला.