घरच्या मताला सहल कशाला

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
मुंबईहून फोन आला. पक्षाच्या साहेबांनी स्वतः नाही केला, त्यांच्या पीएने केला, पण आवाजात आदर होता. म्हणाला, विधानसभेला दोनदा पडलात, आता तालुक्यात ताकद उरली आहे का ते दाखवा. दूध संघाची निवडणूक जिंका, मग पुढच्या तिकिटाचं बोलू. म्हणजे तिकीट पक्कं. मध्ये फक्त दूध संघ आहे.

आमच्या गटात जागा एकच. गावोगावच्या दूध संस्था ठराव करून एकेक माणूस पाठवतात, तो मतदान करतो. अशी मतं एक्केचाळीस. एकवीस मिळाली की झालं. ज्याने एके काळी लाखभर मतं घेतली, त्याला एकवीस म्हणजे किरकोळ.

समोर ऋतुराज. माझ्याच सभेत माइक टेस्टिंग करायचा. त्याची दया येते.

संकल्प: डॉक्टर म्हणतात म्हणून तंबाखू बंद. कुणावर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
दिवसभर मतदारांच्या दारात. सोबत आकाराम. तो माझा ड्रायव्हर, पीए आणि सध्या उरलेला कार्यकर्ता. वयाने मोठे दिसले त्यांच्या पाया पडलो. घाईत दोन लहानांच्याही पडलो. बहुतेक सगळे म्हणाले, "बघू की, साहेब." सगळे होकारात धरले.

आकाराम म्हणतो, "साहेब, बघू की म्हंजे न्हाय." म्हटलं, राजकारण मला शिकवू नकोस. गाडीत जरा ओरडलो. ओरडल्यावर तंबाखू खावी लागते, हे डॉक्टरांना सांगून कळणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नीट हिशोब केला. खात्रीचे एकोणीसच निघाले. माझं स्वतःचं धरून वीस. आणि घरचं एक. आमच्या गावातल्या महिला दूध संस्थेची चेअरमन आमची सौ. संयोगिता. संस्था मीच काढून दिली, एक मत वाढावं म्हणून. सही कुठं करायची तेवढं हिला दाखवतो. झाले एकवीस!

आता हे एकोणीस जण ऋतुराजने पळवायच्या आत आपण पळवायचे. मतदानापर्यंत गोव्याची सहल. बस ठरवली.

संध्याकाळी ही म्हणाली, "मी बी येते की. लगीन झाल्यापास्नं समुद्र बघायचा म्हणतीया." हिचं माहेर आजऱ्याचं. तिथून गोवा असा कितीसा लांब, पण कधी नेलं नाही कुणी. म्हटलं, तू घरची. घरच्या मताला सहल कशाला? ताटं घ्यायला आत गेली. समजूतदार आहे. अशा वेळी बायकोच्या मनात पक्षनिष्ठा लागते, ती आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, गोवा
सगळ्यांचे मोबाइल काढून पिशवीत घातले. माझा तेवढा माझ्याकडे. न जाणो, मुंबईहून फोन येईल. दोनदा आकारामला मिस्ड कॉल द्यायला लावला, रेंज बघायला. रेंज आहे.

मंडळी खूश. धोतर वर खोचून लाटांत नाचतायत. सगळ्यांना शहाळी मी स्वतः हातात नेऊन दिली.

एकच शंका, बापूसो. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळा होतो आणि रात्री टेबलावर बसत नाही. म्हणतो, आमचा नियम हाय. पण जो माणूस आपल्या पंगतीला बसत नाही, तो आपल्या चिन्हावर शिक्का मारेल? नजर ठेवायला आकारामला सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ६
वाळूत एकटाच बसलोय. आज खोटं लिहवत नाही. भीती वाटते. पडलो तर सकाळी दारात चार माणसं येणार नाहीत. लग्नात मांडवाच्या माइकवरून माझं नाव पुकारणार नाहीत. मग मी सकाळी उठून कुणासाठी कपडे इस्त्रीचे घालायचे?

८.३०. नाष्टा चांगला होता. विजय नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फोन वाजला! धावत घेतला. घरून होता. ही सांगत होती, ऋतुराज आपल्या घरी येऊन गेला. पाया पडला, चहा घेतला, अर्धा तास बसला आणि म्हणाला, "वहिनी, मत द्याल का?"

इतका हसलो की ठसका लागला. माझ्या घरात येऊन माझ्या बायकोचं मत मागतो! विचारलं, तू काय म्हणालीस? म्हणाली, "म्हटलं, बघू की."

शाब्बास. त्या पोराला काय कळणार, बघू की म्हणजे नाही. मंडळींना जेवताना किस्सा सांगितला. सगळे हसले. बापूसो हसला नाही. लक्षात ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, नृसिंहवाडी
परतीच्या वाटेवर बस वाडीला घेतली. दत्तमहाराजांसमोर उभं करून, नदीचं पाणी ओंजळीत देऊन एकेकाकडून शपथ घेतली. मत साहेबांनाच. अठरा जणांनी घेतली. बापूसो म्हणाला, "आमी शपथ घेत न्हाय, साहेब. शब्द दिला म्हंजे दिला." एवढं ऐकून मला घाम फुटला. नाइलाजाने शब्दावर सोडला.

ऐश्वर्या बँडवाल्याला परवाच्या निकालासाठी फोन केला. गुलालाची पोती सांगितली.

१६ फेब्रुवारी, रविवार
बस थेट मतदान केंद्रावर. रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडले. रांगेत ही पण दिसली. हिला आणायला गाडी पाठवायची राहूनच गेली होती, एसटीने आली असावी. हिच्यापुढे हात जोडले नाहीत. घरच्या माणसापुढे कसले हात जोडायचे! पुढच्या बाईला जोडले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वीस. ऋतुराज एकवीस.

फेरमोजणी मागितली. वीसच.

डोकं फिरलं. मंडळी दारात उभी होती, त्यांच्यादेखत बापूसोला गद्दार म्हणालो. वाडीला शपथ का घेतली नाहीस, आता कळलं म्हणालो. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "शब्द पाळला, साहेब. आता फुडं माझ्या दारात याचं न्हाय." आणि चालायला लागला. त्याच्यामागून एकेक करत सगळेच गेले. आकाराम गुलालाची पोती परत करायला गेला. फोडलेलं पोतं दुकानदार घेईना.

मुंबईला फोन केला. पीए उचलत नाही. बिझी असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
जेवताना बापूसोला शिव्या देत होतो. हिने आमटीची वाटी ठेवली आणि म्हणाली, "त्या देवमाणसाला कशापायी बोलताय? मी दिलं न्हाय तुमाला."

घास हातातच राहिला. विचारलं, का?

म्हणाली, "त्यानं इचारलं. चेअरमन झाल्यापास्नं मला पयल्यांदा कुणी इचारलं. तुमी एकोणीस जनास्नी समुद्र दावला, देवाफुडं हुबं केलं. मला कुठं कोन काय म्हनलं? तुमी नुसतं इचारलं असतं, तर तुमालाच दिलं असतं."

उठलो नाही, ओरडलो नाही. आमटी थंड झाली तशीच प्यायलो. अख्ख्या तालुक्यात कुणाच्या पायाला हात लावायचा ठेवला नाही मी. शेजारच्या खोलीत गेलो नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दारात कुणी नाही. तरी इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो. मुंबईहून मेसेज आला: साहेब मीटिंगमध्ये आहेत, तिकिटाचं नंतर बघू. बापूसोकडे माफी मागायला गेलो. दार उघडं होतं, पण आत बोलावलं नाही कुणी.

आकारामने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. ऋतुराजला ड्रायव्हर हवाय म्हणे. म्हटलं, जा.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सवयीने हात जोडले गेले आणि तोंडून "लक्ष असू द्या" निघालं. ही बघतच राहिली. मग धीर करून म्हटलं, गोव्याला येतेस का? दोघंच जाऊ. गाडी मीच चालवतो.

ही भाकरी थापत होती. तव्यावरची उलटली, नवा गोळा घेतला आणि वर न बघता म्हणाली, "बघू की."