मॉरिशसच्या पावसाचे नकाशे

९ जाने. २००६, सोम.
आजपासून परत इन्स्टिट्यूट. रजा वाढवून द्यायला डॉक्टरीणबाई तयार होत्या, मीच नको म्हटलं. घरी बसून तरी काय. खुर्चीची उंची कोणीतरी बदललेली. समोरच्या टेबलावरची हाइके म्हणाली, बरं झालं आलीस, डिसेंबरचा डेटा कोणी उतरवून घेतलेला नाही. माझ्या पोटाकडे न बघता बोलली. दिवसभर तेच केलं. मॉरिशसच्या पर्जन्यमापकांचे आकडे एका बाजूला, उपग्रहाचा अंदाज दुसऱ्या बाजूला. फरक काढायचा, उद्याच्या पावसाचा नकाशा करायचा.
डबा खाल्ला नाही. भूक नव्हती असंही नाही.

१२ जाने., गुरु.
सविताचा फोन, मॉरिशसच्या हवामान खात्यातून. गेल्या उन्हाळ्यात इकडे जर्मनीत ट्रेनिंगला आली होती तेव्हा माझ्याच खोलीत बसायची. पणजोबा कोकणातून उसाच्या कामाला गेलेले. हिचं मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे धड्यासारखं बोलते.
"बाळ केव्हा येणार आहे? मार्चमध्ये ना?"
"येणार नाही. नोव्हेंबरमध्ये गेलं. सहावा लागला होता."
मग म्हणाली, "मला योग्य शब्द ठाऊक नाही."
"मलाही नाही."
"उद्या पूर्वेकडून वारे आहेत. नकाशा लवकर पाठवशील का?"
पाठवला.

२० जाने., शुक्र.
नितीन संध्याकाळच्या गाडीने आला, झिंडेलफिंगेनहून. तिथल्या मोटारींच्या प्लांटमध्ये नवीन मॉडेलची गडबड. शुक्रवारी येतो, रविवारी जातो, मध्ये आम्ही भाज्या आणतो.
दुपारी क्लिनिकमधून फोन आला होता, ते जेवताना सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला अशा गेलेल्या सगळ्या बाळांचं मिळून एकत्र दफन करतात. शहराच्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, एक कोपरा राखून ठेवलाय. यायचं का, कळवा, असं तिथल्या बाई म्हणाल्या.
नि. म्हणाला, "कशाला परत उकरायचं?"
शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच ऐकू आला. बाल्कनीत जाऊन उभा राहिला. उणे काहीतरी तापमान, अंगात स्वेटर नाही. मी ताटं विसळली. स्वेटर नेऊन द्यायला हवा होता, हे आता सुचतंय.

४ फेब्रु., शनि.
फ्रँकफर्ट. सासूबाई आल्या. तिकीट बाळंतपणासाठी सप्टेंबरातच काढलेलं. नि.ने फोनवर सांगून पाहिलं की आता नको येऊस. "तिकीट काढलंय तर येते" एवढंच त्या म्हणाल्या.
विमानतळावर मिठी वगैरे नाही. माझ्या हातातली पिशवी आधी काढून घेतली. "उचलू नकोस." अजूनही?
गाडीत नि. त्यांना हायवे दाखवत होता. त्या हो हो म्हणत होत्या.

१२ फेब्रु., रवि.
नि. गेला. सासूबाई माझ्याजवळच राहणार. त्यांना तिकडे प्लांटच्या बाजूला एकटं वाटेल, असं ठरलंय. कोणी ठरवलं कोण जाणे.
चहा पिताना त्यांनी सरळ विचारलं, "कुठे ठेवलंय तिला?"
तीन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या आईनेसुद्धा नाही. ती फोनवर फक्त रडते, मग मी तिला समजावते.
म्हटलं, क्लिनिकमध्ये. मग दफनाचं सांगितलं.
"बरोबरच आहे. एवढ्याशा जिवाला आपल्याकडेही पुरतातच. तू जाणार?"
"माहीत नाही."
"बरं." उठून पोळ्या करायला लागल्या. मला वाटलं होतं, आग्रह करतील.

२१ फेब्रु., मंगळ.
प्रोफ.शी मीटिंग. माझी दुरुस्ती त्यांना पटली. उपग्रह बघतो ढगाचा माथा किती थंड आहे ते. मॉरिशसमध्ये समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडते आणि बुटक्या, कोमट ढगांतून धो धो पडते. तो पाऊस उपग्रहाला पाऊस वाटतच नाही. मी डोंगराचा चढ आणि वाऱ्याची दिशा धरून तो वाढवते. जुन्या पावसांवर छान जमतंय.
"हे बघा, हा तुमचा प्रबंध आहे, हवामानाचा इशारा नाही," प्रोफ. म्हणाले. सविताला पाठवा, पण वर 'प्रायोगिक' असं लिहून. इशारा द्यायचा की नाही ते तिथलं ऑफिस बघेल.
गेनाऊ, अगदी बरोबर.
क्लिनिकला अजून कळवलेलं नाही.

६ मार्च, सोम.
बेटाच्या ईशान्येला कमी दाबाचा पट्टा, हलत नाही. उपग्रहाच्या हिशेबाने बेताचा पाऊस. माझ्या नकाशावर मधल्या पठाराचा पूर्वेकडचा उतार गडद जांभळा. हा रंग मी पट्टीत सगळ्यात वर ठेवला होता, वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं. दोनदा तपासलं. कोडमध्ये चूक मिळाली तर बरं, असं चाललं होतं मनात. मिळाली नाही.
सविताला फोन केला. तिने विचारलं, "तुझा विश्वास आहे का?"
"नकाशावर आहे."
"उद्या सकाळी बैठक आहे. मी नेते."
दफन परवा सकाळी. नि.ला सुट्टी मिळत नाहीये. मागितली का, ते मी विचारलं नाही.

७ मार्च, मंगळ.
सविताच्या बैठकीत वादावादी झाली. एक वरिष्ठ म्हणाले, जर्मनीत बसलेल्या मुलीच्या प्रायोगिक कागदावर शाळा बंद करायच्या का? शेवटी बंद करायचं ठरलं. नदीकाठच्या वस्तीलाही शाळेच्या हॉलमध्ये हलवताहेत. सविताची मावशी त्याच वस्तीत राहते. निघायला तयार नाही, कोंबड्या आहेत म्हणून.
"उद्या सकाळी तू फोनजवळ असशील ना?"
म्हटलं, असेन.
घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, उद्या मला ऑफिसमध्ये थांबावं लागेल, तिकडे पाऊस आहे. खरंच आहे. तरी सांगताना त्यांच्याकडे बघता येईना.
त्या म्हणाल्या, "मग मला बसचा नंबर लिहून दे."
"आई, तुम्हाला तिथली भाषा येत नाही."
"तिथे बोलायचं काय असतं?"
कागदावर बसचा नंबर आणि उतरायच्या थांब्याचं नाव देवनागरीत लिहून दिलं. खाली जर्मनमध्ये माझं आडनाव, दाखवायला.

८ मार्च, बुध.
पहाटेपासून आकडे चढे. डोंगरावरची दोन मापकं मध्येच बंद पडली, भरली असतील किंवा वाहून गेली असतील. सविताचे फोन तुटक. "पडतो आहे." "अजून पडतो आहे." हाइकेने कॉफी आणून ठेवली, तशीच गार झाली.
दहाच्या सुमाराला घड्याळाकडे बघितलं. दफनभूमीत सुरू झालं असेल. मग परत स्क्रीन.
जेवणाच्या सुट्टीआधी सविता. "नदी पुलावरून गेली. वस्तीत कमरेपर्यंत पाणी आहे. तिथे कोणी नव्हते. मावशीला पोलिसांनी उचलून नेले, कोंबड्यांसह." हसत होती, रडतही असावी. "वृंदा, ऐकते आहेस ना? कोणी नव्हते."
"ऐकतेय."
प्रोफ. स्वतः खोलीत आले, हात हातात घेतला, म्हणाले यावर पेपर लिहायचा. सगळे टाळ्या वाजवत होते. मी थँक्यू म्हटलं. मला काहीही वाटलं नाही. वाटावं म्हणून थोडा वेळ थांबले, तरी नाही.
घरी गेले तर सासूबाई शाल पांघरून बसलेल्या, पाय गरम पाण्याच्या बादलीत. बाहेर पाऊस-बर्फ मिसळून पडत होतं.

९ मार्च, गुरु.
आज सांगितलं त्यांनी. मी भांडी पुसत होते.
एकच छोटी पांढरी पेटी, सगळ्यांची मिळून. एका माणसाने काही वाचलं. बायका एकेक करून पुढे जायच्या, मूठभर माती टाकायच्या, त्या माणसाच्या कानात काहीतरी सांगायच्या. मग तो ते मोठ्याने म्हणायचा.
"माझ्या लक्षात आलं, नावं सांगतायत. मग मीही सांगितलं. त्याला नीट म्हणता येईना, दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हणाला."
आम्ही नाव ठेवलं नव्हतं.
हातातली वाटी पुसतच राहिले. बराच वेळ तीच वाटी. त्यांनी ती काढून घेतली, फळीवर ठेवली.

१० मार्च, शुक्र.
नि. आला. सासूबाई अंघोळीला गेल्यावर त्याला सांगितलं.
तो बूट काढत होता. एक काढला, दुसरा तसाच.
"काय नाव सांगितलं?"
"मी विचारलं नाही."
"का?"
"तू विचार."
एका पायात बूट घालून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मी सुट्टी मागितलीच नव्हती, वृंदा."
"माहितीय."
त्याच्या शेजारी जाऊन बसले. नोव्हेंबरनंतर इतक्या जवळ बसलो नसू. बाथरूममधलं पाणी थांबलं, कडी वाजली. सासूबाई ओले केस टॉवेलात गुंडाळत बाहेर आल्या, आम्हा दोघांकडे बघून दारातच थांबल्या.
"काय रे?"
नि.ने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.
"आई," तो म्हणाला. "काय नाव सांगितलंस तिचं?"