कोपऱ्यावरचा देवाचा माड

८ मे १९३२, रवि. नागाव.
उपासनेहून आल्यावर कोपऱ्यावरच्या माडाला नवा चुना लावून घेतला. पावसाआधी लावायचाच, ह्यांच्या वेळेपासून. हे जाऊन बरीच वर्षं झाली, रीत तीच. खोडाला कमरेइतका पांढरा पट्टा म्हणजे हा माड देवाचा. त्याचा नारळ घरात आणायचा नाही, सगळे हंगामाच्या सणाला प्रार्थनामंदिरात द्यायचे. तिथे उपासनेनंतर अंगणात लिलाव. आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रत्येक घराचं काही ना काही असतं, कुणाची कोंबडी, कुणाचा भाताचा वाफा. पण लिलावाची सुरुवात आमच्या नारळांच्या पेंडीनं. मंडळीचे वडील दानियलराव "मार्थाबाईंच्या देवाच्या माडाचे नारळ!" असं पुकारतात तेव्हा मी खाली मान घालून बसते. आवडतं. इथे लिहायला काय हरकत आहे?

माडावर चढणारा गोविंद चुना लावता लावता म्हणाला, "बाय, ह्यो लय कलला हाय." म्हटलं, कललेला आहे ते मलाही दिसतं, तू पट्टा सरळ मार.

११ मे
खातूनबी आली. वईच्या कुंपणापलीकडची शेजारीण. नवरा नि मुलगा गलबतावर, घरात ती, सून आणि तान्ही नात. माड कललाय तो हिच्याच कौलांवर. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाय, पावसाच्या आधी तोडशील काय त्यो?"

देवाचा आहे, तोडता येत नाही, म्हटलं. आणि पडायचाही नाही.

"खुदाचा माड खुदा सांभाळंल गो. पन माज्या नातीचा पालना त्याच्याच खाली हाय."

पाळणा दुसऱ्या खोलीत टांग, म्हटलं. ती गळते म्हणाली, आणि गेली. मी चहासुद्धा विचारला नाही. जरा तापलेच होते.

१५ मे, रवि.
पा. सा.ना (आमचे नवे पाळकसाहेब) विचारलं. घाटावरचे आहेत, माड जवळून पाहिला असेल तर शपथ. म्हणाले, "अर्पण केलेलं आपलं राहत नाही, मार्थाबाई. मग तोडायचा अधिकार तरी तुमचा कसा?" बोलणं बिनतोड. दानियलराव म्हणाले, मागून दोर बांधून ओढून धरू, दोन माणसं पाठवतो. उपदेश संतोषाने देण्यावर होता. चांगला झाला, थोडा लांबला.

खा.बीला वईवरूनच दोराचं सांगितलं. "बरा" म्हणाली.

४ जून
दोर नाही, माणसं नाहीत. दानियलरावांना निरोप धाडला. त्यांचा उलट निरोप, भाताची पेरणी उरकू द्या.

माड धरलाय मात्र झकास. पेंडी मोजायचा मोह होतो. यंदाचा लिलाव...

१४ जून
कालपासून वारा. दुपारी जेवत होते, पहिला घास हातात, आणि पलीकडे धाडकन आवाज. मग खा.बीच्या सुनेची किंकाळी. तशीच धावले.

अख्खी पेंड झावळीसकट कौलांतून आत. पाळण्याची दोरी तुटलेली, गोधडीवर कौलांचे तुकडे आणि नारळ. पोर आजीच्या मांडीवर होती, रडत होती म्हणून नुकतीच उचलली होती. तेवढंच.

खा.बीनं गोधडीवरचे नारळ उचलले, पदरानं पुसले आणि माझ्यापुढे धरले.
"घे. तुज्या द्येवाचे."

घेतले. काय करणार? घरी येऊन ओटीवर ठेवले आणि खूप रडले. राग आला होता. पा. सा.चा, दानियलरावांचा, माडाचा. स्वतःचा सगळ्यांत जास्त.

१५ जून
गोविंदाला बोलावणं धाडलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

१६ जून
सकाळी उघडीप. गोविंद नि त्याचा भाऊ शेंड्यापासून एकेक तुकडा कापत, दोरानं खाली सोडत आले. खातूनबीचं सगळं घर माझ्या ओटीवर. सून माझ्याकडे बघत नव्हती. पोर मात्र माझ्या मांडीवर आली आणि लुगडं ओलं करून गेली.

पट्ट्याचा बुंधा शेवटी आला. गोविंद म्हणाला, "ह्येचा काय करू?" आमच्या दोन घरांमधे वईलगत ओहोळ आहे, भर पावसात पलीकडे जाता येत नाही. म्हटलं, टाक आडवा, साकव होईल. उरलेल्या खोडाचा तुकडा शेजारी लावला. बरा बसला.

वाडी त्या बाजूला एकदम उघडी पडली. रस्त्यावरचा माणूस थेट स्वयंपाकघरात बघतो. पडदा लावायला हवा.

१९ जून, रवि.
तोडलेल्या माडाचे कोवळे-जून सगळे नारळ प्रार्थनामंदिरात पोचवले, ओटीवरचेही. दानियलराव पडवीत सगळ्यांदेखत म्हणाले, "देवाचं दिलेलं मागं घेतलंत, बाई." दोराचं नाव नाही. पा. सा. हळू आवाजात, निदान विचारायला हवं होतं.
"विचारलं होतं की. तुम्ही उत्तरही दिलं होतंत."
वाईट माणूस नाही. त्यांना चहाला बोलवायला हवं.

७ ऑगस्ट, रवि.
प्रार्थनेत लक्ष नव्हतं. एकच खुटखुट. माड तोडला तो त्या पोरीसाठी, की खा.बीनं नारळ पुढे धरले त्या लाजेपायी? आणि इतकी वर्षं दिला तो तरी कुणासाठी? ह्यांनी नेमका रस्त्याकडेच्या कोपऱ्यावरचाच माड का निवडला, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हसले असते. पा. सा.ना विचारण्याजोगी गोष्ट आहे. विचारणार नाही.

खा.बी साकवावरून येते-जाते. आज शिंपल्यांची आमटी आणली. तिखट फार.

२० नोव्हें., रवि. हंगामाचा सण.
सकाळी निघताना खा.बी साकवावरून आली, काखेत कोंबडी. पाय बांधलेली, पिवळीधमक.
"ह्यी ने तुज्या लिलावात."
का गो?
"का म्हंजे? पोर निवांत झोपते. द्यावीशी वाटली." आणि वर, "अंड्यावरची हाय, कापू नका म्हनावं."

माझे स्वतःचे चार नारळ होते, ते ढिगात ठेवले. लिलावाची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या भोपळ्यानं. भोपळा मोठा होता, पण तरी. मधेच दानियलरावांनी कोंबडी वर धरली. "ही मार्थाबाईंची! माड गेला, पण बाईंनी हात आखडला नाही!" लोक वा वा म्हणाले. दानियलरावांना जूनपासूनचं मिटवायचं होतं बहुतेक.

लगेच उठायला हवं होतं. पण गोड लागलं, खोटं कशाला लिहू? मान आपोआप खाली गेली, नेहमीसारखी. मग ती कोंबडी ओरडली आणि मला आमटी आठवली, कशी कोण जाणे. उठले.

"ती माझी नाही. खातूनबीनं दिलीय."
दानियलराव गोंधळले. "पण ती आपल्या मंडळीतली नाही."
"कोंबडी तरी कुठं आहे?"

पा. सा. सगळ्यांआधी हसले. शेवटी त्यांनीच घेतली. कापायची नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं.

घरी येताना पाय हलके होते. का ते नीट सांगता येत नाही.

२३ नोव्हें.
दानियलराव स्वतः आले. आता नवा देवाचा माड नेमा, म्हणाले, रस्त्याकडेचा घ्या, लोकांना दिसतो तरी. बघते म्हटलं.

रस्त्याकडेचा धरतो बेताचाच. विहिरीजवळचा सगळ्यांत जास्त. माझं वर्षाचं तेल त्याच्यावर. घराआड आहे, खातूनबीखेरीज कुणाला दिसत नाही. तिला विचारलं. भांडी घासत होती, मान वर केली नाही. "द्यायचा तर दी गो. इतका इचार कसला?"

तर विहिरीजवळचा. हे ठरलं. तेलाचं पुढं बघू.

चुना कालवला, गोविंद कुंचा घेऊन आला. "बाय, पट्टा मारू काय?"
देवाला माड कुठला ते ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. मग पट्टा कुणासाठी? आणि पट्टा नसला, तर तेल संपेल त्या महिन्यात मी तो एखादा नारळ घरात आणणार नाही, हे कशावरून?

जरा थांब सांगून आत आले, हे लिहितेय. खिडकीतून दिसतोय, माडाला टेकून विडी ओढतोय. आता दुसऱ्यांदा हाक मारली त्यानं. चुना सुकतोय म्हणतो.