मुख्याध्यापकांची टोपी आणि उशिरा आलेलं ‘हो’

नारीन, फेब्रुवारीअखेर

आदरणीय सालकिन ताईला धाकट्या बुरुलचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला, सासूबाईंचा राग आणि गोठ्यातल्या मेंढ्या, सगळं जिथल्या तिथे असेल अशी आशा करते. इकडे नदी अजून गोठलेलीच आहे, शाळेचा हीटरही तिला सामील झालाय, आणि मी सहावीला कादंबरी शिकवता शिकवता स्वतःच विद्यार्थी होऊन बसले आहे.

कादंबरी मुलांसाठीचीच. त्यातल्या मुलीला स्वमग्न भाऊ असतो (ऑटिझम म्हणतात ते, आमचे मुख्याध्यापक इशेनबेक सर त्याला ‘ते प्रकरण’ म्हणतात). मला वाटलं, वाचून टाकू, शेवटी ‘नायिका काय शिकली?’ हा प्रश्न घालू आणि मोकळं होऊ. पण वर्गात चोल्पोन नावाची एक मुलगी आहे (हिला जन्मतःच दुपट्याऐवजी प्रश्नचिन्हात गुंडाळलं असावं). तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, सगळं बहिणीला काय वाटतं तेच लिहिलंय. भावाला कुणी विचारलंच नाही का?” मी शिक्षकांची मार्गदर्शिका उलटीपालटी केली. तिथेही कुणी विचारलेलं नव्हतं. मग तिचे पुढचे प्रश्न: तो भाऊ कान झाकतो तेव्हा त्याला नेमकं काय ऐकू येतं? त्याला बहिणीचा कंटाळा येत असेल का? मी रोज ‘उद्या सांगते’ म्हणायची आणि खरं सांगू, मलाही ते जाणून घ्यायची हुरहुर लागली होती.

शेवटच्या प्रकरणात भाऊ बहिणीला मिठी मारतो. इथे वर्गाने डोळे पुसावेत अशी मार्गदर्शिकेची अपेक्षा. त्याऐवजी मागच्या बाकावरची आयझिरेक ताडकन उठली. ही पोरगी वर्षभरात ‘हजर’ यापलीकडे काही बोललेली नव्हती. म्हणाली, “खोटं आहे हे. माझा तालाय मिठी मारत नाही. मारणारही नाही. तरी तो माझाच आहे.” हिला भाऊ आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. चोल्पोन लगेच म्हणाली, “मग त्यालाच विचारू या की!”

इशेनबेक सर ऐकून भडकले. “बाई, कादंबरी शिकवा, पोराचं प्रदर्शन भरवू नका.” (बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं.) उत्तर आयझिरेकने दिलं. “प्रदर्शन नाही, सर. भाऊ बहिणीच्या वर्गात येणार. सगळ्यांचे येतात.” सर म्हणाले, बरं, पण मी समोर बसणार.

तालाय आला. नऊ वर्षांचा, गोरापान, कुणाकडे न बघणारा. त्याची आई दाराशी अंगातला कोट न काढता बसली, कधीही पळ काढता यावा अशी. चोल्पोनने विचारलं, “तालाय, तुला ताईचा राग येतो का रे?” उत्तर नाही. आयझिरेक म्हणाली, “थांबा. तो सांगतो. वेळ लागतो फक्त.” तालाय भिंतीला बोटं घासत वर्गभर फिरला आणि सरांपाशी येऊन थांबला. मग त्याने सरांच्या डोक्यावरचा पांढरा कल्पाक शांतपणे उचलला आणि त्याचा मऊ लोकरी फेल्ट गालाला लावला! ताई, त्या टोपीला हात लावायची सरांच्या बायकोचीही छाती नाही. खाली टक्कल, पातेल्याच्या बुडासारखं लखलखीत. पोरं हसायची विसरली. त्याची आई “माफ करा हो सर” म्हणत धावली, तशी सरांनी हात वर करून तिला थांबवलं आणि खाली वाकून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात विचारलं, “आवडली का रे?”

तालाय टोपी गालावर फिरवत राहिला. घंटा झाली. पोरं जागची हलली नाहीत. आणि मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, “हो.”

झालं! चोल्पोन ओरडली, “हे माझ्या प्रश्नाचं उत्तर!” सर म्हणाले, “मुळीच नाही, माझ्या!” दोघं हमरीतुमरीवर आले. आयझिरेक इतकी हसली की तिला उचकी लागली. “दोन्हींचं असेल,” ती म्हणाली, “राग तर येतोच त्याला माझा.”

सर टोपी तालायकडेच सोडून, डोक्याला बायकी शाल गुंडाळून घरी गेले. टोपी परत द्यायला आलेल्या तालायच्या आईला म्हणाले, राहू दे, मला अजून विचारायचंय त्याला. आता तालाय दर शुक्रवारी येतो, घंटा झाली तरी सर उठत नाहीत, आणि या खेपेला त्याची आई कोट काढून बसली, तळलेले बोरसोक खात. नायिका काय शिकली, हा प्रश्न मी रद्द केला आहे. मलाच येत नाही.

सर्वांना सलाम.

तुझी बुरुल

ता. क. तुमच्या जलालाबादच्या बाजारात चांगला पांढरा कल्पाक मिळेल का? मोठ्या मापाचा. सरांची शाल बघवत नाही.

आणखी ता. क. टपालाने नको पाठवूस. नवरोजला तूच घेऊन ये, आणि तुझ्या एर्मेकला बरोबर आण. मी येते तेव्हा दर वेळी तो ‘झोपलेला’ असतो. आठ वर्षांचं पोर इतकं झोपत नाही, ताई. मला माझ्या भाच्याला विचारायचंय, मावशीकडे राहशील का म्हणून. त्याचंही उत्तर सावकाश येऊ दे. मी बसते.