सायलीची चपाती

माय,

तुझ्या मंगलचा पाया पडून नमस्कार. कारखान्यावर आमचं दोघांचं बरं चाललंय. तुझा गुडघा कसा हाय?

तो गहू न सोसण्याचा आजार, सिलियाक, निघाल्यापासून मी गव्हाचा घास तोंडाला लावला न्हाई, तरी पोट दुखायचं, जुलाब व्हायचे. ऊस तोडून कंबर धरली की मीही टोळीतल्या बायांसारखी दुखण्याची गोळी घ्यायची, कधी उपाशीपोटीच. गेल्या आठवड्यात परसाकडंला काळं झालं. मी लई घाबरले. ह्यांनी लगेच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांनी पोटात जखम झाली असेल. त्या बंद. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही सांगितली तेवढीच." मग विचारलं, "ज्वारी कुठं दळता?" गिरणीत, गव्हाच्या मागून, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला; गव्हाचं पीठ ज्वारीत मिसळतं म्हणे. आता हे स्वतः जात्यावर दळतात. बाया हसतात, हसू दे. सोमवारी नळी घालून माझं पोट बघणार हायेत. तू घोर लावून घेऊ नको.

निघताना बाईंनी विचारलं, "लेकरं किती?" हा गव्हाचा आजार आईकडनं लेकरांत उतरतो म्हणे. तुझ्यापाशी ठेवलेली आपली सायली सहाची झाली तरी वाढत न्हाई, पोट फुगतं. परमेश्वरदादाला सोबत घेऊन तिला बीडला ने, रक्त तपासून घे. तोवर तिची चपाती बंद करू नको. बंद केली तर तपासणीत आजार सापडत न्हाई.

पोट दुखतं म्हणून ती तोंड फिरवील. तरी भरव, माय. मला ते जमलं नसतं.

तुझी,
मंगल